बेटावरून हाक आली नाही

नोव्हेंबरात शारजात एक सकाळ अशी येते की एसी बंद केला तरी घाम येत नाही. अल नहदातल्या आमच्या इमारतीत त्या दिवशी सगळ्यांच्या खिडक्या सरकतात. उन्हाळाभर बंद राहिलेल्या खिडक्या. रुळांत बसलेली वाळू करकरते आणि एकदम माणसांचे आवाज घरात येतात. खालच्या मजल्यावरचा कुकर, शेजारच्या पोराचे पाढे, समोरच्या गॅलरीत फोनवर कुणावर तरी ओरडणारा मलबारी. मला हे आवडतं. माणसं ओरडतात म्हणजे त्यांना एकमेकांकडून काहीतरी हवं आहे. त्यात लपवाछपवी नाही.

त्याच आठवड्यात बाजारात ती संत्री येतात. छोटी, ढिल्या सालीची, देठाला एखादं पान राहिलेली. परवा बायको पिशवी घेऊन आली. ‘‘साडेसहा दिरहम किलो, म्हणजे दीडशे रुपये,’’ हे तिने चप्पल काढता काढताच सांगितलं, कारण भाव ऐकल्याशिवाय मी फळाला हात लावत नाही हे तिला ठाऊक आहे. मी एक सोललं. वास आला आणि माझं डोकं फिरलं.

संत्र्याच्या वासाने डोकं फिरणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी आहे. त्या वासाबरोबर मला जपानमधलं एक चिमुकलं बेट दिसतं, धक्क्यावर उभा असलेला एक म्हातारा दिसतो, आणि तीन वर्षं झाली तरी माझा त्याच्यावरचा राग कमी झालेला नाही. यंदा तर वाढलाय. कारण शनिवारी आमची सानिका तिचं उरलेलं सामान न्यायला येणार आहे. एकुलती एक मुलगी. जूनपासून ती दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये एकटी राहते. आमच्यापासून गाडीने अर्धा तास, ट्रॅफिक असेल तर दीड. या पाच महिन्यांत मी तिच्या घरी गेलेलो नाही. तिनेही मला ‘या’ म्हटलेलं नाही. आईशी रोज बोलते. माझी चौकशी करते म्हणे. आजारी माणसाची करावी तशी.

हे दोन राग वेगवेगळे आहेत, असं मी बरेच दिवस समजत होतो.

मी मूळचा टर्नर. लेथ मशीनवर लोखंड कातणारा. अबू धाबीजवळच्या मुसफ्फात, त्या कारखान्यांच्या वस्तीत उतरलो तेव्हा एका खोलीत आठ जण होतो, आणि ज्या वर्कशॉपमध्ये लागलो तिथे एक जुनं जपानी लेथ होतं. त्या लेथवर मी अकरा वर्षं उभा होतो. आज त्याच मुसफ्फात माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, दारावर माझं नाव आहे, आणि ते कुणी मला बक्षीस दिलेलं नाही. लोखंडाच्या एकेका सळीसाठी घासाघीस करत मी इथवर आलो. लोक म्हणतात, याची जीभ फार चालते. चालते. न चालवून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

घासाघिशीत बोलण्यापेक्षा मोठं हत्यार म्हणजे उठून चालू पडणं. भाव जमत नाही म्हटलं की पाठ फिरवायची आणि निघायचं. मागे बघायचं नाही. मागे बघितलं की संपलं, समोरच्याला कळतं की तुम्हाला माल हवाय. चालत राहायचं. दहाव्या नाहीतर पंधराव्या पावलावर हाक येतेच. ‘‘अरे भाई, आओ ना! गुस्सा क्यों करते हो? बैठो, चाय पियो.’’ त्या हाकेतच सगळा सौदा असतो. आणि हाक आली तरी लगेच वळायचं नाही, चार पावलं अजून टाकायची. मग वळायचं, तेसुद्धा उपकार केल्यासारखं.

सानिका पाच-सहा वर्षांची असताना या कामात माझी भागीदार होती. शुक्रवारी आम्ही अब्रात बसून, म्हणजे त्या लाकडी होडीत, दुबईची खाडी ओलांडायचो आणि मसाल्याच्या बाजारात जायचो. केशर, वेलची, सुका मेवा. मी भाव तोडायचो, दुकानदार छातीवर हात ठेवून शपथा घ्यायचा, मी तिचं बोट धरून चालू पडायचो. मला मागे बघता येत नाही, पण लहान मुलीने मागे बघितलं तर कुणाला काय कळतंय? ती बोट धरून उलटी उलटी चालायची आणि मला बातम्या द्यायची.

‘‘बाबा, तो बघतोय.’’

‘‘बघू दे. चाल.’’

‘‘बाबा, तो डोकं खाजवतोय.’’

‘‘चाल तू.’’

‘‘बाबा, बोलावतोय! बोलावतोय!’’

तिचा तो आनंद! हाक आली की ती उड्या मारायची. दुकानदार तिला मूठभर बेदाणे द्यायचा आणि म्हणायचा, ‘‘हबीबी, तुम्हारी बेटी बडी होके तुमसे भी बडी व्यापारी बनेगी.’’ मला ते खरं वाटायचं.

ती मोठी झाली आणि दुकानात माझ्यापासून दोन हात लांब उभी राहायला लागली. फोन बघत. मी भाव बोलायला लागलो की ‘‘बाबा, प्लीज. देअर इज अ प्राइस टॅग.’’ अरे, टॅग म्हणजे समोरच्याची इच्छा आहे! माझी इच्छा मी सांगायची नाही? इथे वाढलेल्या पोरांना मॉलची सवय. गार हवेत, काचेपलीकडे, ठरलेल्या भावात जग मिळतं असं त्यांना वाटतं. त्या गार हवेचं बिल कुणीतरी उन्हात उभं राहून भरलेलं असतं, हे कोण सांगणार? मी सांगितलं. बऱ्याचदा सांगितलं. कदाचित जास्तच वेळा.

जपान तिची हौस. शाळेत असल्यापासून कार्टून बघत बघत ती भाषा शिकली, मग क्लास लावला. कॉलेज संपल्यावर म्हणाली, मला दुसरं काही नको, जपान दाखवा. मी म्हटलं ठीक आहे, मलाही तिथली जुनी मशीनं बघायची आहेत, एका तिकिटात दोन कामं. तिच्या आईला थंडी सोसत नाही, ती आली नाही. तर आम्ही दोघं. मोठ्या शहरांत माझी कामं झाल्यावर सानिका म्हणाली, आता दोन दिवस माझे. तिने एक बेट शोधून काढलं होतं. का, तर तिथे काही नाही म्हणून.

‘‘काही नाही तर जायचं कशाला?’’

‘‘एक्झॅक्टली, बाबा.’’

फेरी म्हणजे चार गाड्या मावतील एवढी बोट. पुढचा जबडा धक्क्यावर टेकवते आणि माणसं आत घेते. त्या दिवशी आत होतं कोण? एका छोट्या टेम्पोत फ्रिज घेऊन निघालेला माणूस, सायकलवाली एक नर्स आणि आम्ही. वर एका खोलीत गालिचा अंथरलेला, बूट काढून बसायचं. नर्स आली, बूट काढले, आडवी झाली आणि झोपली. बोट घड्याळाच्या काट्यावर सुटली. मी धावत येणाऱ्या कुणाची तरी वाट बघत होतो. कुणी धावत आलंच नाही. त्या देशात शेवटच्या क्षणी धावत येणारा माणूसच नाही. समुद्र ताटलीतल्या पाण्यासारखा. लाटासुद्धा विचारून येत असाव्यात.

आणि बेट! अहो, शांतता म्हणजे किती असावी? धक्क्यावर उतरलो तर आमच्या बॅगेच्या चाकांचा आवाज मलाच लाजिरवाणा वाटला. उतारावर संत्र्यांच्या बागा, पिवळ्याजर्द. घरांच्या ओट्यांवर माणसं नाहीत. शाळा होती, तिला कुलूप होतं. एक आजीबाई ढकलगाडी ढकलत आल्या, कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेल्या. पुढे रस्त्याच्या कडेला एक फळी, फळीवर संत्र्यांच्या पिशव्या, शेजारी भोक पाडलेला डबा. पैसे टाका, पिशवी उचला. विकणारा नाही. मी दोन मिनिटं तिथे उभा राहिलो. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. माणूस विश्वास ठेवतो ते मला कळतं, पण मग बोलायचं कुणाशी? संत्री गोड आहेत का, कालची आहेत का, चार पिशव्या घेतल्या तर काय, हे कुणाला विचारायचं? डब्याला? सानिकाने नाणं टाकलं, डब्याला हात जोडले आणि एक संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवलं. तोच हा वास.

‘‘शांत वाटतंय ना, बाबा?’’

‘‘मेल्यासारखं वाटतंय.’’

ती हसली. खूप दिवसांनी हसली होती माझ्या बोलण्यावर.

आणि मग मला तो आवाज आला. गल्लीच्या टोकाकडून. मंद, एका सुरात फिरणारा, मध्येच किंचित जड होणारा. लोखंडावर टूल टेकलं की आवाज तसा जड होतो. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. अकरा वर्षं माझ्या छातीसमोर तो फिरत होता. मी बॅग रस्त्यात सोडली आणि चालू लागलो.

पत्र्याची शेड. आत ऐंशीच्या पुढचा म्हातारा, डोक्याला टॉवेल बांधलेला. आणि त्याच्यापुढे माझं लेथ. माझं म्हणजे त्याच जातीचं, त्याच हिरव्या रंगाचं, हँडलच्या मुठीला तसाच झिजून आलेला खड्डा. मुसफ्फातलं माझं लेथ मालकाने धंदा बंद केला तेव्हा भंगारात गेलं. मी तेव्हा विकत घेऊ शकत नव्हतो. ट्रकवर चढवताना त्याचा चक, सळी पकडणारा तो लोखंडी पंजा, निखळून वाळूत पडला, ते माझ्या डोळ्यांपुढून गेलेलं नाही. आणि इथे, समुद्रात, जिथे काहीच नाही म्हणून आम्ही आलो होतो, तिथे ते तेल पिऊन चकचकीत उभं होतं.

सानिका मागून धावत आली आणि वाकून वाकून माफी मागायला लागली. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्या हातांकडे बघत होता. मग त्याने मशीन थांबवलं आणि बाजूला सरकून मला जागा दिली.

मला जपानी येत नाही, त्याला दुसरं काही येत नव्हतं. पण त्या दुपारी आम्हाला सानिकाची गरजच पडली नाही. डोंगरउतारावरून एकाच रुळावर सरपटत संत्र्यांचे क्रेट खाली आणणारी छोटी इंजिनं असतात तिथे. त्यातल्या एकाचं बुश, म्हणजे आसाभोवतीचं कडं, झिजलं होतं, नवं करायचं होतं. म्हाताऱ्याने दोन बोटांत फट धरून दाखवली, एवढंच कातून घ्यायचं. मी घेतलं. त्याने मायक्रोमीटर लावला, भुवया उंचावल्या, जीभ टाळूला लावून ‘टक्’ केलं. जगातला कुठलाही कारागीर खूश झाला की हेच करतो. तेलाचा वास, संत्र्यांच्या सालींचा वास, पत्र्यातून येणारं तिरपं ऊन. सानिका उलट्या बादलीवर बसून आमच्याकडे बघत होती. फोन खिशात. मधेच म्हणाली, ‘‘बाबा, मी तुम्हाला कधी असं काम करताना बघितलंच नाही.’’ खरं होतं. तिच्या जन्मापर्यंत मी टर्नरचा ठेकेदार झालो होतो. तिने माझी फक्त जीभ पाहिली होती.

इथे थांबता आलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

दुसऱ्या दिवशी बॅग घेऊनच आम्ही निरोप घ्यायला गेलो. दुपारची फेरी होती, त्या दिवशीची आमच्या कामाची तेवढी एकच, कारण पुढच्या दिवशी विमान. म्हाताऱ्याने चहा दिला. सानिकाशी बराच वेळ बोलला. ती त्याला ओजीसान म्हणत होती, आजोबा. तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, काय झालं?

‘‘बाबा, ओजीसान वर्षाच्या शेवटी शेड बंद करतायत. मुलगा शहरात असतो, तो घेऊन जाणार. हे लेथ ते तुम्हाला देतायत. फ्री. म्हणाले, चालवणाऱ्याच्या हातात जाऊ दे.’’

आता मला सांगा, एवढा मोठा माल समोरचा फुकट देतो म्हटल्यावर शहाण्या माणसाच्या मनात पहिलं काय येईल? गोम कुठे आहे, हेच ना? मी उठलो, लेथभोवती फिरलो. बेडला कुठे तडा आहे का, हेडस्टॉकमध्ये आवाज आहे का. काही नव्हतं. मग लक्षात आलं. हे धूड इथून उचलून नेऊन मोडीत काढायचं तर म्हाताऱ्यालाच खर्च. मी नेलं तर त्याचा खर्च वाचतो. म्हणजे उपकार कोण कुणावर करतंय?

‘‘त्याला सांग, घेतो. पण बेटावरून पलीकडच्या बंदरापर्यंत त्याने पोचवून द्यायचं.’’

‘‘व्हॉट? बाबा, नो. ही इज गिव्हिंग इट टू यू.’’

‘‘अगं, हे बोलायचं असतं. तो म्हणेल अर्धं, मी म्हणेन बरं. त्यात त्याचाही मान राहतो.’’

‘‘मी हे नाही बोलणार.’’

‘‘बोल म्हणतो ना!’’

बोलली. तीनदा वाकली, मग बोलली. म्हाताऱ्याने दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली, बराच वेळ लेथकडे पाहिलं आणि एकच शब्द बोलला.

‘‘कठीण आहे म्हणतायत,’’ सानिका जमिनीकडे बघत म्हणाली.

मुसफ्फात ‘मुश्किल है भाई’ म्हणजे काय? म्हणजे दार उघडलं. म्हणजे अजून थोडं ढकल. मी माझं कार्ड काढलं, तिथल्या पद्धतीने दोन्ही हातांनी दिलं, मान झुकवली आणि चालू पडलो. धक्का चांगला दोनशे पावलांवर होता. एवढ्या अंतरात हाक न येणं मी आयुष्यात अनुभवलेलं नव्हतं.

सानिका मागून आली, बॅग ओढत. बोटीने जबडा उघडला, आम्ही आत गेलो. मी डेकवर समुद्राकडे तोंड करून, बेटाकडे पाठ करून बसलो. ती मागे कठड्याला उभी होती. मागे सायकलची घंटी वाजली. सायकल धक्क्यावर आली होती. आला! मी मनात म्हटलं, आला म्हातारा. बोट सुटायला एक-दोन मिनिटं होती. पुष्कळ झाली. सौदा व्हायला अर्धं मिनिट लागतं.

‘‘सानिका, कोण आहे? तोच ना?’’

‘‘हो.’’

‘‘बोलावतोय?’’

बोट हलली. जबडा बंद झाला.

‘‘अगं, बोलावतोय का?’’

‘‘नाही, बाबा. टाटा करतोय.’’

मी तरीही वळलो नाही. चार पावलांचा नियम. फक्त आता पावलं बोट टाकत होती. बऱ्याच वेळाने वळलो तेव्हा धक्का काडेपेटीएवढा झाला होता, आणि त्यावर म्हातारा दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत होता. एखाद्या लहान मुलासारखा. सानिका रडत रडत दोन्ही हात हलवत होती. म्हातारा ठिपका झाला, तो ठिपकाही हलत होता. त्यांच्याकडे तशी रीत आहे, बोट दिसेनाशी होईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, हे तिने मला नंतर सांगितलं.

ही काय रीत झाली? एवढा वेळ हात हलवायची ताकद आहे, तर त्याच हाताने ‘परत ये’ अशी एक खूण करता येत नाही? मी उडी मारली असती! सानिका म्हणाली, ‘‘बाबा, पुढच्या फेरीने परत जाऊ या. विमान बदलू.’’ मी म्हटलं, तो फोन करेल. कार्ड दिलंय.

त्याने फोन केला नाही. नवीन वर्ष उजाडल्यावर मीच सानिकाला पत्र लिहायला लावलं. सगळा खर्च माझा, असंही लिहायला लावलं. उन्हाळ्याच्या तोंडाला मुलाचं उत्तर आलं: वडील आता आमच्याकडे असतात, शेड रिकामी केली, मशीन कापून भंगारात दिलं. सोबत एक पुडकं होतं. तेलकट कागदात गुंडाळलेली लेथची चावी. चक आवळायची असते ती, मुठीत मावणारी. वडिलांनी तुमच्यासाठी काढून ठेवली होती, असं लिहिलं होतं. चावी पाठवली! लेथ कापलं आणि चावी पाठवली! आज ती माझ्या मुसफ्फाच्या टेबलावर असते. कुणी विचारलं तर मी म्हणतो, एका म्हाताऱ्याने मला फसवलं, त्याचा पुरावा आहे. आणि ऐकणारे हसतात, कारण यात फसवणूक कुठे आहे ते त्यांना सापडत नाही. मलाही सापडत नाही. तरी राग आहे.

या जूनमध्ये एका संध्याकाळी सानिका ऑफिसमधून आली. घरी पोचायला दोन तास लागले होते. बॅग न उतरवताच म्हणाली, ‘‘बाबा, ऑफिसजवळ एक स्टुडिओ फ्लॅट बघितलाय. रोजचा ट्रॅफिक आता नाही झेपत.’’

लग्न न झालेली मुलगी, आईबाप त्याच देशात, अर्ध्या तासावर, आणि वेगळं घर? इथे प्रत्येक मराठी घरात एकमेकांच्या चुलीवर काय शिजतं ते ठाऊक असतं. मी म्हटलं, गाडी बदलून देतो. ती म्हणाली, गाडीचा प्रश्न नाही. मी म्हटलं, आठवड्यातून तीन दिवस घरून काम कर. ती म्हणाली, इट्स नॉट अ निगोशिएशन, बाबा.

ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं. ‘‘मग जा,’’ मी म्हणालो. ‘‘भर बॅग. खलास.’’ आणि उठून आतल्या खोलीत गेलो. दार लावलं. बायको बाहेर काहीतरी पुटपुटत होती. मी पलंगावर बसून वाट बघत होतो. दार वाजेल. ‘बाबा, ऐका तरी,’ असं काहीतरी होईल. मग मी म्हणेन, बरं, सहा महिने राहून बघ. आकडा माझ्या मनात तयार होता. सहा महिने!

दार वाजलं नाही. कपाटाची आवाज करणारी बिजागरी तेवढी ऐकू येत राहिली. आठवड्याने ती गेली.

जा म्हटल्यावर कुणी जातं का? एवढी वर्षं माझं बोट धरून चाललेली मुलगी, तिला माझं ‘जा’ कळू नये? हे मी बायकोला पाच महिने विचारतोय. परवा संत्र्याची साल हातात धरून पुन्हा विचारलं. ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘तुम्हीच शिकवलंत ना तिला, चालू पडलं की मागे बघायचं नाही म्हणून?’’

मी भांडलो. पण त्या भांडणात माझं लक्ष नव्हतं.

एवढं लिहून ठेवलं होतं, तेव्हा शनिवार यायचा होता. आता होऊन गेला.

ती चारला आली. बारीक झालीय. आईने थालीपीठ केलं, तिने उभ्याउभ्या खाल्लं. मी दिवाणखान्यात फोन बघत होतो. ‘‘हाय बाबा.’’ ‘‘हं.’’ तिने खोलीतली पुस्तकं, तो कापडी ससा, हिवाळ्याचं जाकीट असं खोक्यात भरलं. बायकोने संत्र्यांची पिशवी वर ठेवली. मला डोळ्याने खुणावलं, खोकं तुम्ही उचला. मी उचललं. जड होतं, आणि मला बरं वाटलं की जड आहे.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. ती आकडे बघत होती, मीही.

गाडी रस्त्यापलीकडे लावली होती. खाली वॉचमनने दार धरलं. ‘‘मी नेते इथून,’’ म्हणत तिने खोकं माझ्या हातातून घेतलं, ‘‘बाय, बाबा,’’ म्हणाली आणि चालू लागली. ताठ. एकसारखी पावलं. मागे न बघता. अहो, काय सुरेख चालत होती! माझ्याहून सरस. मी पावलं मोजायला लागलो. सात, आठ. दुकानात उभा राहून पाठमोरं गिऱ्हाईक बघणं म्हणजे काय असतं, ते मला इतक्या वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा कळलं. बारा. ती रस्ता ओलांडणार. मला वाटलं, आत्ता मी दोन्ही हात वर करून नुसते हलवत बसलो तर तो म्हातारा आणि मी सारखेच. त्याला निदान रीत म्हणून सांगता येईल. मी काय सांगणार?

‘‘सानिका!’’

अख्ख्या गल्लीने ऐकलं. वॉचमन दचकला.

आणि ती वळली. लगेच! पहिल्या हाकेला, जागच्या जागी, खोक्यावरची संत्री रस्त्यावर घरंगळली तरी तिचं लक्ष नव्हतं. मी एवढं शिकवलं, चार पावलं अजून टाकायची, मग वळायचं. या मुलीला धंदा कधीच जमायचा नाही.

मी संत्री गोळा करत तिच्यापर्यंत गेलो.

‘‘दर शनिवारी जेवायला यायचं,’’ मी म्हणालो.

‘‘बाबा, दर शनिवारी कसं जमेल? महिन्यातून एकदा.’’

‘‘तीनदा.’’

‘‘दोनदा. अँड वन टाइम यू कम टू माय प्लेस.’’

‘‘मी? तिथे पार्किंग मिळतं का?’’

‘‘बाबा.’’

‘‘बरं. तीनदा. दोनदा तू, एकदा आम्ही. यल्ला, बस गाडीत, उशीर होईल.’’

ती नाक पुसत गाडीत बसली. मी फुटपाथवर आलो आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवायला लागलो. आता रीत पाळायचीच तर नीट पाळावी. पण जपानमध्ये बोट जाते, दिसेनाशी होते, सुटका होते. अल नहदात शनिवार संध्याकाळी दुबईकडे जाणारा सिग्नल असतो. तिची पांढरी गाडी शंभर पावलांवर जाऊन जी अडकली ती हलेचना. हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. येणारेजाणारे बघत होते. वॉचमनने विचारलं, ‘‘सर, गाडी बुलाऊँ क्या वापस?’’ माझे खांदे भरून आले. एवढा वेळ त्या म्हाताऱ्याने हात कसे हलवले असतील, ऐंशीच्या पुढे!

खिशात फोन वाजला. एका हाताने घेतला, दुसरा वरच ठेवला.

‘‘बाबा, पुरे आता. लोक बघतायत.’’

‘‘तू मागे बघतेयस?’’

‘‘आरशात दिसताय.’’

‘‘मग गाडी हलव लवकर. हात दुखतोय माझा.’’

‘‘खाली घ्या ना मग.’’

‘‘तू दिसेनाशी झालीस की घेतो.’’

सिग्नल पुन्हा लाल झाला.